पहाऱ्याचा परवाना आणि त्यातून सूट : नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

खाजगी पहाऱ्यासाठी लागणाऱ्या परवान्यातून कोणास सूट आहे, हा प्रश्न नांदेड अथवा लातूर येथे विचारला असता उत्तर बहुधा माणसांच्या प्रकारांवरून दिले जाते. माजी सैनिकास परवान्याची गरज नाही, निवृत्त पोलीस अधिकाऱ्यास नाही, गुरुद्वाऱ्यास नाही, शासकीय महाविद्यालयास नाही, अशी ती उत्तरे असतात. त्यांतील काही पूर्णतः चुकीची आहेत, तर काही योगायोगाने बरोबर आहेत. परंतु सर्वांच्या मुळाशी एकच समजूत आहे. सूट हा व्यक्तीच्या अंगचा गुण आहे अथवा तिने मिळविलेला मान आहे, अशी ती समजूत होय. कायद्याच्या रचनेत तिला आधार सापडत नाही. परवान्याची आवश्यकता आणि तीतून मिळणारी मोकळीक या दोन्ही गोष्टी पहारा देणारा, पहारा पुरविणारा आणि पहारा घेणारा या तिघांच्या परस्परसंबंधावरून ठरतात. हा संबंध नीट ओळखला नाही, तर एकाच फाटकावर उभ्या असलेल्या दोन पहारेकऱ्यांपैकी एकाच्या मागे कायद्याचे पाठबळ का असते आणि दुसऱ्याच्या मागे ते का नसते, याचा उलगडा होत नाही.

संसदेने २००५ साली संमत केलेला खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम १४ मार्च २००६ पासून अंमलात आला. त्यात एकंदर २५ कलमे आहेत. त्यांपैकी एकाही कलमाचा विषय 'सूट' असा नाही. इतर अनेक नियामक कायद्यांत सवलतींसाठी स्वतंत्र कलम असते, शासनास अधिसूचनेद्वारे मोकळीक देण्याचा अधिकार असतो. येथे तसे काही आढळत नाही. म्हणून केवळ अनुक्रमणिका चाळणाऱ्या विद्यार्थ्याचा असा ग्रह होण्याचा संभव आहे की या कायद्यातून कोणीच सुटत नाही. वस्तुतः येथील सूट कलम २ मधील व्याख्यांच्या पोटात दडलेली आहे. 'खाजगी सुरक्षा' म्हणजे लोकसेवकाहून अन्य व्यक्तीने एखाद्या व्यक्तीच्या वा मालमत्तेच्या रक्षणार्थ पुरविलेली सुरक्षा, असे तेथे म्हटले आहे. 'खाजगी सुरक्षा अभिकरण', म्हणजे लोकभाषेतील एजन्सी, याची व्याख्या शासकीय अभिकरण, विभाग अथवा संघटना यांना वगळून केली आहे आणि सुरक्षासेवा अथवा रक्षक पुरविण्याचा 'व्यवसाय' करणारी व्यक्ती किंवा व्यक्तिसमूह एवढ्यापुरतीच ती मर्यादित ठेवली आहे. कलम ४ परवान्याची सक्ती करते, ती या व्यवसायावर. तेव्हा लोकसेवक, शासकीय संघटना आणि व्यवसाय या तीन शब्दांच्या चाळणीतून जे खाली पडते, ते परवान्याच्या कक्षेबाहेर राहते. कलम ४ च्या परंतुकात आणखी एक मोकळीक होती. अधिनियम अंमलात येण्यापूर्वीपासून हा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्ष परवान्याशिवाय काम चालू ठेवण्याची, आणि त्या मुदतीत अर्ज केला असल्यास त्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची मुभा देण्यात आली होती. 'आमची एजन्सी कायद्याच्या आधीची आहे' असा युक्तिवाद आजही केव्हा केव्हा ऐकू येतो. त्याची मुदत २००७ सालीच संपली.

व्यवसाय या शब्दावर कायद्याने एवढा भर का दिला असावा, हे समजण्यास मराठवाड्याचा पूर्वेतिहास उपयोगी पडतो. गावगाड्यात राखणीचे काम हा व्यवसाय नव्हता. ते वतनाला जोडलेले कर्तव्य होते. वेशीवर येसकर, रात्री जागल्या, चोरी झाल्यास माग काढण्याची जबाबदारी आणि त्या बदल्यात बलुते वा जमिनीचा तुकडा, अशी ती घडण होती. या व्यवस्थेत पहारेकरी गावाला जबाबदार असे. तिच्यातील जातिबद्ध सक्ती अन्यायाची होती आणि ती गेली हे योग्यच झाले. परंतु पहारेकरी कोणाला उत्तरदायी आहे हा प्रश्न तेथे संदिग्ध नव्हता. याच्या शेजारीच दुसरी, पैशावर उभी असलेली व्यवस्था निजामी मुलखात वाढली. देशमुख, नाईक, सावकार हे अरब व रोहिल्यांची शिबंदी पदरी बाळगीत. १८१९ च्या जानेवारीत हदगाव परिसरातील नाव्हा येथील गढी नौसाजी नाईकांकडून घेण्यासाठी हैदराबादच्या फौजेस वेढा घालून लढावे लागले. त्या गढीच्या बचावात अरब शिबंदीचा मोठा वाटा होता. १८५३ पासून १८८३ पर्यंत दिवाणपदी असलेल्या पहिल्या सालारजंगाच्या सुधारणांचा बराच भाग ही पगारी हत्यारे राज्यसत्तेच्या ताब्यात आणण्यात आणि जिल्हावार पोलीस उभारण्यात खर्ची पडला. पुढे १९४८ पूर्वीच्या काळात या भूमीने तिसरा प्रकार पाहिला. रझाकार संघटनेचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील होता, आणि त्याचे दल स्वयंसेवकांचे म्हणून मिरवीत असे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने ते प्रकरण संपले.

या तीन प्रकारांपैकी २००५ चा अधिनियम केवळ दुसऱ्याशी संबंध ठेवतो, हे लक्षात घेतले पाहिजे. वतनदार राखणदार उरला नाही. स्वयंसेवकांचे दल कितीही मोठे असले तरी ते 'व्यवसाय' करीत नसल्यामुळे या अधिनियमाखाली परवान्यास पात्रही नाही आणि बाध्यही नाही; त्याचे नियंत्रण शस्त्रविषयक कायदा, पोलीस अधिनियम आणि दंडविधान यांच्याकडे सोपविलेले आहे. गावोगावची ग्रामसुरक्षा दले, यात्रेतील स्वयंसेवक, गणेशोत्सवात रात्री जागणारे मंडळाचे कार्यकर्ते या सर्वांना मिळणारी मोकळीक याच कारणाने मिळते. त्यांचा हेतू चांगला आहे म्हणून ती मिळते असे समजण्याचे कारण नाही. मोबदल्यासाठी रक्षक पुरविण्यास त्यांनी आरंभ केला की ती तत्क्षणी संपते.

लोकसेवक ही पहिली चाळणी होय. तिचा अर्थ लावणे फारसे अवघड नाही. पोलीस, रेल्वे संरक्षण दल आणि कर्तव्यावर असलेले गृहरक्षक यांचा पहारा खाजगी ठरत नाही, मग तो खाजगी मालमत्तेभोवती असला तरी. १९५१ च्या पोलीस अधिनियमाचे कलम ४७ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. एखाद्या व्यक्तीच्या अर्जावरून, तिच्या खर्चाने, जादा पोलीस नेमण्याची तरतूद त्यात आहे. पैसे अर्जदार देतो, परंतु पोलीस त्याचा नोकर होत नाही. तो आपल्या वरिष्ठांच्याच हुकमतीत राहतो. ऑक्टोबर २००८ मध्ये नांदेड येथे झालेल्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्यासारख्या प्रसंगी पोलीस, गृहरक्षक, सेवादार आणि नेमलेले पहारेकरी असे चार वर्गांचे लोक एकाच आवारात वावरतात. बाहेरून ते एकच काम करताना दिसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येकाची स्थिती निराळी असते.

शासकीय संघटना ही दुसरी चाळणी अधिक विचार करावयास लावणारी आहे. महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाची स्थापना २०१० च्या राज्य अधिनियमान्वये झाली. हे महामंडळ शासकीय व इतर आस्थापनांना शुल्क आकारून सुरक्षा बलाचे जवान पुरविते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा बलासही २००९ च्या दुरुस्तीने खाजगी उद्योगांत, मोबदला घेऊन, तैनात होण्याची मुभा मिळाली. काम तेच, शुल्क घेणेही तेच. तरीही शासकीय संघटना या शब्दांमुळे परवान्याची अट त्यांना लागू होत नाही. या सुटीचे समर्थन असे केले जाते की शासनाच्या संघटनेवर विधिमंडळाचे व लेखापरीक्षकांचे नियंत्रण असतेच. हे समर्थन सशस्त्र बलाच्या बाबतीत पटण्यासारखे आहे. परंतु जेथे शासकीय संघटना खाजगी अभिकरणांशी एकाच बाजारात स्पर्धा करते, तेथे प्रशिक्षणाचे तास, ओळखपत्र, पूर्वचारित्र्याची पडताळणी यांचा किमान दर्जा दोघांना सारखाच का असू नये, या प्रश्नाला व्याख्येत उत्तर नाही. अधिनियमातील सर्व सुटींपैकी ही सूट तर्काच्या कसोटीवर सर्वांत दुबळी म्हणावी लागेल.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. शासकीय संघटनेची सूट सुरक्षा पुरविणाऱ्यास आहे, घेणाऱ्यास नाही. विद्यापीठ, जिल्हा रुग्णालय, महानगरपालिका अथवा तंत्रनिकेतन यांनी निविदा काढून एखाद्या खाजगी अभिकरणाकडून रक्षक घेतले, तर ग्राहक शासकीय असल्याने त्या अभिकरणास परवान्यातून मोकळीक मिळत नाही. उलटपक्षी, ग्राहकास स्वतःचा परवाना काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. 'शासकीय महाविद्यालयास परवाना लागत नाही' हे विधान अशा रीतीने अक्षरशः खरे आणि व्यवहारात दिशाभूल करणारे ठरते.

तिसरी चाळणी व्यवसायाची. आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी स्वतःच्या वेतनपटावर माणूस ठेवणारा मालक सुरक्षा पुरविण्याचा व्यवसाय करीत नाही. म्हणून मांजरा खोऱ्यातील साखर कारखान्याचा स्वतःचा सुरक्षा विभाग, विद्यापीठाचे नियमित पहारेकरी, बँकेचा कायम नोकर असलेला रक्षक, शेतकऱ्याने सोयाबीनच्या गंजीवर ठेवलेला राखणदार या सर्वांसाठी परवान्याची गरज नाही. ही सूट सर्वांत व्यापक आहे. तिच्या सीमारेषा मात्र व्यवहारात फार बारीक होतात. लातूरच्या आडत बाजारातील एका ओळीच्या दुकानदारांनी वर्गणी काढून रात्रीचा पहारेकरी ठेवला, तर ते आपल्याच मालाचे रक्षण करीत आहेत. तो व्यवसाय नव्हे. त्याच दुकानदारांच्या संघाने तो पहारेकरी शेजारच्या ओळीस महिन्याच्या भाड्याने दिला, की संघ रक्षक पुरवू लागला. एका समूहातील दोन स्वतंत्र कंपन्यांपैकी एकीने आपले रक्षक दुसरीच्या गोदामावर पाठवून त्याचे बिल लावले, तरी प्रश्न तोच. अशा ठिकाणी नोंदणीची नावे, बिले आणि वेतनपत्रके पाहिल्याशिवाय निर्णय देता येत नाही.

स्वतःचे रक्षक ठेवणारा मालक परवान्यातून सुटला, तरी अधिनियमाच्या प्रत्येक कलमातून सुटतो असे नाही. 'खाजगी सुरक्षा रक्षक' या शब्दाची व्याख्या अभिकरणाच्या व्याख्येहून विस्तृत आहे. सशस्त्र वा निःशस्त्र, दुसऱ्याच्या व्यक्तीचे अथवा मालमत्तेचे खाजगी रक्षण करणारा कोणीही तीत येतो. कलम २१ सेना, नौदल, वायुदल, संघराज्याची इतर सशस्त्र दले अथवा पोलीस यांचा गणवेश किंवा त्याच्याशी साम्य असलेला पोशाख घालण्यास रक्षकास मनाई करते आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड ठेवते. तेव्हा आपल्याच नोकरास पोलिसासारखी खाकी व खांद्यावर फीत देणाऱ्या संस्थाचालकाने 'आम्हांस हा कायदा लागू नाही' असे म्हणून चालणार नाही.

आता माजी सैनिकांविषयी. दोन्ही जिल्ह्यांतून सैन्यात जाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे, आणि निवृत्तीनंतर पहाऱ्याचे काम पत्करणारेही पुष्कळ आहेत. त्यांना अधिनियमाने सूट दिलेली नाही. प्राधान्य दिले आहे, आणि तेही दोन पायऱ्यांचे. पर्यवेक्षक नेमताना सेना, नौदल, वायुदल वा पोलीस यांतील किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्यास प्राधान्य द्यावे, असे कलम ९ सांगते. साधा रक्षक नेमताना कलम १० मधील भाषा सौम्य होते. तेथे अभिकरण प्राधान्य 'देऊ शकेल'. प्रशिक्षणाच्या बाबतीत खरी सवलत केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत दिसते. सामान्य उमेदवारास किमान २० कामाच्या दिवसांत १०० तास वर्गशिक्षण आणि ६० तास प्रत्यक्ष क्षेत्रशिक्षण घ्यावे लागते. माजी सैनिक व माजी पोलीस यांना किमान ७ दिवसांत अनुक्रमे ४० आणि १६ तास पुरतात. एकूण १६० तासांऐवजी ५६ तास, एवढी ही सवलत आहे. त्याच माजी सैनिकाने स्वतः अभिकरण काढले, तर त्यास इतर कोणाहीप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. नोकरीतून गैरवर्तनाबद्दल अथवा नैतिक अधःपतनाबद्दल काढून टाकलेल्या माणसास तर कलम ६ व १० दोन्ही दरवाजे बंद करतात, मग तो कोणत्याही दलातील असो.

नांदेडच्या संदर्भात कृपाणाचा प्रश्नही वेगळा करून पाहिला पाहिजे, कारण तेथे दोन सुटींची गल्लत होते. कृपाण धारण करणे व बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला जाईल, असे संविधानाच्या अनुच्छेद २५ चे पहिले स्पष्टीकरण म्हणते. ही सूट शस्त्रविषयक आहे आणि ती श्रद्धेशी बांधलेली आहे. हिच्यापुरते बोलायचे तर ती खरोखरच व्यक्तीच्या अंगी असते. पण तिचा पहाऱ्याच्या परवान्याशी काही संबंध नाही. सचखंड श्री हजूर साहिब येथील कारभार १९५६ च्या हैदराबाद अधिनियमाखाली स्थापन झालेल्या मंडळाकडे आहे. तेथील सेवादार सेवा म्हणून उभा राहतो तेव्हा व्यवसाय नसल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही; मंडळाचा पगारी पहारेकरी प्रत्यक्ष नोकर असल्याने येत नाही; आणि बाहेरच्या अभिकरणाकडून माणसे घेतली, तर त्या अभिकरणास परवाना लागतोच. तीन निष्कर्षांपैकी एकही निष्कर्ष धर्मावर अवलंबून नाही.

येथपर्यंतचे विवेचन एकाच कायद्याचे झाले. महाराष्ट्रात या विषयावर त्याहून चोवीस वर्षांनी जुना असा दुसरा कायदा आहे, आणि तो विसरून केलेले विवेचन अर्धवट राहते. महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१ याचा रोख अगदी निराळा आहे. २००५ चा अधिनियम जनतेचे अभिकरणापासून रक्षण करू पाहतो. १९८१ चा अधिनियम रक्षकाचे त्याच्या मालकापासून आणि दलालापासून. नोंदित रक्षकांचे मंडळ असावे, मंडळाने त्यांना मालकांकडे नेमावे, वेतन मंडळामार्फत मिळावे आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांची व्यवस्था व्हावी, अशी त्याची योजना आहे. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली झालेल्या कायद्याचाच हा नमुना. आरंभ बृहन्मुंबई व ठाणे येथील मंडळाने झाला आणि मग ही पद्धती इतरत्र पसरली.

या जुन्या कायद्यात सूट दोन मार्गांनी मिळते. पहिला मार्ग पुन्हा व्याख्येचाच. कलम २ मधील व्याख्येनुसार मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती आणि मूळ मालकाचा प्रत्यक्ष नियमित कामगार हे 'सुरक्षा रक्षक' या शब्दात येत नाहीत. दुसरा मार्ग कलम २३ चा. शासनास सल्लागार समितीचा विचार घेऊन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, अटी व मुदत घालून एखाद्या कारखान्यातील वा आस्थापनेतील रक्षकांना अथवा त्यांच्या एखाद्या वर्गास अधिनियमाच्या तरतुदींतून वगळता येते. परंतु त्या रक्षकांना मिळणारे लाभ अधिनियमाखालील लाभांपेक्षा एकंदरीत कमी अनुकूल नाहीत, असे शासनाचे मत झाले पाहिजे. या कलमाची शब्दरचना अभ्यासकांनी अवश्य लक्षपूर्वक वाचावी. वगळले जातात ते रक्षक; कारखाना वा अभिकरण नव्हे. आणि वगळण्याचा निकष रक्षकाचे हित हाच आहे, मालकाची सोय हा नव्हे. परवान्याच्या कायद्यातील सूट जेथे निव्वळ वगळणूक आहे, तेथे ही सूट पुराव्याने मिळवावी लागते. एखाद्या अभिकरणाने २००५ च्या अधिनियमाखाली परवाना घेतला, म्हणून १९८१ च्या अधिनियमातून ते सुटत नाही. आणि कलम २३ खाली त्याचे रक्षक वगळले गेले, म्हणून परवान्याची अट टळत नाही. दोन कायद्यांचे दोन वेगळे दाखले लागतात, ही गोष्ट निविदा तपासणाऱ्या कार्यालयांच्या ध्यानी असणे इष्ट आहे.

'प्रत्यक्ष' आणि 'नियमित' हे दोन शब्द एकत्र का वापरले, याचा विचार केल्यास खरी अडचण दिसू लागते. कलम १ मध्ये म्हटले आहे की कारखान्याचे वा आस्थापनेचे प्रत्यक्ष व नियमित कामगार नसलेल्या रक्षकांना हा अधिनियम लागू होईल. कलम २ मधील व्याख्या मात्र अभिकरणामार्फत वा दलालामार्फत नेमलेल्या रक्षकाविषयी बोलते. साखर कारखान्याने गळीत हंगामापुरता स्वतः नेमलेला पहारेकरी घेतला, तर तो प्रत्यक्ष आहे पण नियमित आहे काय? पहिले कलम वाचता तो अधिनियमात येतो असे वाटते; दुसरे वाचता येत नाही असे वाटते. अधिनियमाचा हेतू लक्षात घेता पहिल्या वाचनाकडे झुकणे अधिक सयुक्तिक होईल, कारण केवळ दलालाचे नाव काढून टाकून तात्पुरती माणसे थेट भरणाऱ्या मालकास सूट मिळावी, हा कल्याणकारी कायद्याचा आशय असू शकत नाही. हंगामी कामगार हा मराठवाड्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा असल्याने हा शब्दच्छल येथे नुसता पांडित्याचा विषय राहत नाही. ऊस संपला की ज्याचा पहारा संपतो, त्या माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीचा तो प्रश्न आहे.

दोन्ही कायद्यांच्या सुटी एकमेकींवर ठेवून पाहिल्या म्हणजे मध्ये एक पोकळी उरते. लातूर येथे बारावी व प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांमुळे वसतिगृहे व खाजगी खोल्यांच्या इमारती मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या. अशा इमारतीचा मालक जिन्याखालच्या खोलीत एखाद्या वृद्धास, पुष्कळदा त्याच्या कुटुंबासह, ठेवून घेतो. तो माणूस फाटक उघडतो, पाणी सोडतो, रात्री जागतो. मालक त्याला थेट पैसे देतो, म्हणून परवाना नाही. दलाल नाही आणि आस्थापना म्हणावी असे काही नाही, म्हणून मंडळही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या चारित्र्याची पडताळणी कोणी केलेली नसते, आणि त्याच्या म्हातारपणाची तरतूदही कोणी केलेली नसते. विद्यार्थिनींच्या पालकांना पहिल्या उणिवेची काळजी असते. दुसरीची काळजी करणारे थोडे. तथापि या पोकळीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलम १० अभिकरणास १८ वर्षे पूर्ण आणि ६५ वर्षांच्या आतील माणसेच नेमू देते, शिवाय शारीरिक पात्रता व प्रशिक्षण मागते. थेट नोकरीस हे बंधन नाही. किल्लारी परिसरातून वा कोरडवाहू गावांतून शहरात आलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या माणसास जे एक काम मिळू शकते, ते या सुटीमुळेच मिळते. ती सरसकट काढून घेतली तर त्याचे हित होईल, असे खात्रीने म्हणता येत नाही.

शिटी वाजवीत, काठी आपटीत गल्लीतून फिरणारा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघर पैसे मागणारा गुरखा हे याहून विलक्षण उदाहरण. तो कोणाचाच नोकर नाही. व्याख्येत 'व्यक्ती' हा शब्द असल्याने एकटा माणूसही अभिकरण ठरू शकतो, आणि अनेक घरांना मोबदल्याने सुरक्षा पुरविणे याला व्यवसाय न म्हणणे कठीण आहे. पण मग एकाच माणसास परवानाधारक आणि रक्षक या दोन्ही भूमिका द्याव्या लागतात, पर्यवेक्षक नेमावयास सांगावे लागते, आणि एका जिल्ह्यासाठी ५,००० रुपये शुल्क भरावयास लावावे लागते. अधिनियमाच्या कर्त्यांच्या डोळ्यांसमोर हा माणूस नव्हता, हे उघड आहे. त्याला सूट आहे असे कोठेही लिहिलेले नाही. त्याच्याकडे दुर्लक्ष करण्यात आले आहे. कायद्याने दिलेली मोकळीक आणि अंमलबजावणीत न पोहोचल्याने राहिलेली मोकळीक यांतील फरक संशोधनात काटेकोरपणे पाळावयास हवा. नागरिकत्वाची अट कलम १० मध्ये आहे खरी, आणि केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या अन्य देशाच्या नागरिकास नेमण्याची वाटही तेथेच ठेवली आहे. पण तीही अभिकरणाने नेमलेल्या रक्षकासंबंधीच आहे.

तुलनेसाठी ब्रिटनचा २००१ चा कायदा पाहण्यासारखा आहे. तेथे परवाना प्रामुख्याने रक्षक व्यक्तीस दिला जातो. कंत्राटाने पुरविलेल्या रक्षकास तो लागतो, स्वतःच्या मालकाची वास्तू राखणाऱ्या नोकरास सामान्यतः लागत नाही. म्हणजे प्रत्यक्ष नोकरीची सूट तेथेही आहे. परंतु मद्यविक्रीचा परवाना असलेल्या वास्तूंच्या दारावरील रक्षकांपुरती ती काढून घेतली आहे, कारण तेथे रक्षकाचा संबंध गर्दीशी व बळाच्या वापराशी येतो. संबंधावरून ठरणाऱ्या सुटीस कामाच्या स्वरूपावरून अपवाद करता येतो, हे यावरून दिसते. मुलींचे वसतिगृह, रुग्णालय यांसारख्या ठिकाणांपुरता असा अपवाद महाराष्ट्रात करावा काय, हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे. मात्र येथे परवाना व्यक्तीस नसून अभिकरणास असल्याने तो अपवाद बसविण्यासाठी आधी मूळ चौकट बदलावी लागेल.

शुल्काच्या रचनेतही या दोन जिल्ह्यांपुरती एक गंमत आहे. एका जिल्ह्यास ५,००० रुपये, एकाहून अधिक परंतु पाचपर्यंतच्या जिल्ह्यांस १०,००० आणि संपूर्ण राज्यास २५,००० अशी कलम ७ मधील श्रेणी आहे. नांदेड व लातूर मिळून काम करणारे अभिकरण दुसऱ्या श्रेणीत येते. मराठवाड्याचे आठही जिल्हे घेऊ इच्छिणाऱ्यास मात्र मधली पायरी नाही. त्याने गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतचा परवाना घ्यावा. परवान्याविना व्यवसाय केल्यास कलम २० प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद अथवा २५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाची कमाल मर्यादा आणि राज्यव्यापी परवान्याचे शुल्क एकच असावे, हा योगायोग असला तरी फारसा धाक निर्माण करणारा नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावर क्षेत्रकार्य करावयाचे ठरविल्यास अधिनियमाच्या पुस्तकाइतकेच साधे कागद उपयोगी पडतील. अभिकरणाच्या रक्षकाजवळ कलम १७ प्रमाणे छायाचित्रासह ओळखपत्र असते, आणि ते देणारे अभिकरण कोणते हे त्यावरून कळते. मंडळाच्या रक्षकाची नोंद मंडळाकडे असते. नियमित नोकराचे नाव हजेरीपटावर व वेतनपत्रकात सापडते. या तिहींपैकी काहीच नसलेल्या पहारेकऱ्यास 'तुमचा मालक कोण' असे विचारले, तर तो इमारतीचे नाव सांगेल. तेथून पुढे त्याचा पगार कोणाच्या वहीत आणि कोणत्या नावाने खर्ची पडतो, याचा शोध घ्यावा लागेल.